चष्मा काढायचा विचार करताय, तर थोडं ऐका

मंडळी, मी डॉक्टर नाही. मायनस आठचा नंबर घेऊन इथंच कोल्हापुरात शिवाजी पेठेत वाढलोय, चष्मा काढला की वीतभर अंतरावरचं पण मला नीट दिसत नाही. पावसाळ्यात रात्री गाडीवर हेल्मेटच्या काचेवर पाणी, आत चष्म्यावर वाफ, समोरच्या ट्रकचा लाईट फुटून सगळीकडं पसरतो. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीवर पडतात तेव्हा, गर्दीत चष्मा पडला तर किरणं अंबाबाईच्या पायाशी आहेत का चेहऱ्यापर्यंत गेलीत हे शेजारच्याला विचारावं लागतं. त्यामुळं चष्मा घालवावा असं ज्याला वाटतं त्याचं मला शंभर टक्के पटतं.

पण चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन नक्की काय करतं ते समजून घ्या. मायनस नंबरवाल्याचा डोळा बहुतेक वेळा आतून लांब झालेला असतो, म्हणून प्रतिमा डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) अलीकडंच तयार होते. लेझर डोळ्याची लांबी कमी करत नाही, फक्त डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे बुबुळ (कॉर्निया), घासून सपाट करतं. म्हणजे पहिला प्रश्न पैशाचा नाहीच, बुबुळ किती जाड आहे हा आहे. साधारण ५४० मायक्रॉन असतं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लॅसिक नावाच्या लेझरमध्ये बुबुळाचा वरचा पापुद्रा १०० ते १२० मायक्रॉनचा उचलतात, मग एका नंबरला अंदाजे १५ मायक्रॉन घासलं जातं, आणि खाली निदान २५० तरी शिल्लक पाहिजे, बरेच डॉक्टर ३०० धरतात. आता कुणाचं बुबुळ ४८० असेल आणि नंबर मायनस दहा, तर तुम्हीच हिशोब घाला, बसत नाही! अशा वेळी डोळ्याच्या आत बाहुलीमागं बसवायची लेन्स असते, आयसीएल म्हणतात, बुबुळ घासावं लागत नाही आणि गरज पडली तर काढता येते, पण ती डोळ्याच्या आतली सर्जरी आहे, पुढं डोळ्याचं प्रेशर आणि मोतीबिंदूसाठी नियमित तपासत राहावं लागतं.

तालमीतली आणि फुटबॉलवाली पोरं विचारतात, त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. लॅसिकचा तो पापुद्रा परत चिकटतो, पण जोराचा मार बसला तर वर्षांनंतरसुद्धा हलल्याच्या केसेस आहेत. कुस्तीत डोळ्यात बोट जाणं, शाहू स्टेडियमवर हेडिंग करताना कोपर लागणं हे काय नवीन नाही. तेव्हा पैलवानानं पापुद्रा न उचलता करायच्या पीआरके नावाच्या लेझरबद्दल डॉक्टरांना विचारावं, त्यात तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर बसायला काही आठवडे जातात, पण हलायला पापुद्राच नसतो. स्माईल नावाच्या लेझरमध्ये पण पापुद्रा नसतो, छोट्या चिरेतून आतला चकतीसारखा तुकडा काढतात. आणि कॉन्टॅक्ट लेन्स घालून पंचगंगेत किंवा कुठल्याही टँकमध्ये पोहायला उतरू नका, पाण्यातला अकांथामिबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सखाली अडकला तर बुबुळाला जखम होऊन नजर जाऊ शकते, त्याचा इलाज महिनोन्महिने चालतो.

वयाचं पण बघा. हुपरीचा चांदीकाम करणारा पंचेचाळिशीचा कारागीर, नंबर मायनस तीन. तो चष्मा काढून काम करतो, कारण मायनस तीनला तेहतीस सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं, पैंजणाचा टाका बरोबर तिथंच असतो. त्याचा नंबर शून्य केला तर जवळचं जाईल आणि दिवसभर कामाला प्लसचा चष्मा लागेल. त्याला लेझर करा म्हणणं मला तरी चुकीचं वाटतं.

आणखी एक, हे मनापासून सांगतोय. स्थळ बघायला सुरुवात झाली की घरचे मुलीला म्हणतात, आधी लेझर करून घे. मुलगी एकोणीस-वीसची, नंबर अजून दरवर्षी वाढतोय. नंबर निदान वर्षभर स्थिर पाहिजे, नाहीतर लेझरनंतर परत चष्मा येतो. डोळे कोरडे राहतात का हे तपासावं लागतं, बुबुळ पुढं येण्याचा केराटोकोनस आजार आहे का हे स्कॅनमध्ये बघावं लागतं, आणि स्कॅनच्या आधी डॉक्टर सांगतील तितके दिवस लेन्स बंद ठेवायच्या, नाहीतर मापच चुकतं. तो आजार लपलेला असताना लेझर झालं तर बुबुळ आणखी कमजोर होतं. मुलीच्या डोळ्याचा निर्णय मुलीला घेऊ द्या, लग्नाची तारीख बघून घेऊ नका.

आणि माझ्यासारख्या मोठ्या नंबरवाल्यांनो, चष्मा गेला तरी आतला लांब डोळा तसाच असतो, पडदा ताणलेलाच असतो. लेझर झालेल्यांनी पण वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुणालातरी सोबत घ्यायचं. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं, किंवा एका बाजूनं सावली उतरत आली तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडं जायचं, दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण पडदा सुटताना दुखतच नाही.