सोलापूरच्या उन्हाळ्यात प्रवाळाचा दिवा

नमस्कार श्रोतेहो. गप्पी, मॉली, गोल्डफिश सोलापुरात घरोघरी पोहताना दिसतात. पण घाट ओलांडल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा आपल्या गावात कुणी खाऱ्या पाण्याची छोटी टाकी मांडायची म्हटलं, खडक रचून त्यावर जिवंत प्रवाळ वाढवायचं म्हटलं, की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाइट किती वॉटचा घेऊ?

माझं मत आधीच सांगून टाकतो. सोलापुरात पैसा दिव्यावर बेतानं घालावा आणि उरलेला पाणी गार ठेवण्यासाठी राखावा. का, ते आता बघू.

प्रवाळ हा प्राणी आहे. मात्र त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देतं. दिवा म्हणजे प्रवाळाच्या पोटापाण्याची सोयच. समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश वरच्या थरातच शोषून घेतं आणि खोलवर जातो तो निळा. त्यामुळे या शैवालाची रंगद्रव्यं मुख्यतः निळ्या पट्ट्यातला, साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटरचा प्रकाश टिपतात. रीफसाठीच्या, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठीच्या, एलईडीत म्हणूनच निळा आणि पांढरा असे दोन वेगळे चॅनेल असतात. दोन्ही स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतील असाच दिवा घ्यावा. निळा चढा, पांढरा मंद.

वॉटवरून वीज किती जळते एवढंच कळतं. प्रवाळाच्या उपयोगाचा प्रकाश मोजतात त्याला पीएआर म्हणतात: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, तो आकडा. भर दुपारच्या उन्हात तो २००० च्या आसपास जातो. टाकीतल्या मशरूम प्रवाळाला ५० ते १०० पुरतो, झोअँथिड आणि लेदर जातीच्या मऊ प्रवाळांना ७५ ते १५०. फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळाला मात्र २०० च्या वर लागतो, आणि महागडे दिवे खपतात ते त्याच्याच नावावर. मोबाइलवरच्या लक्स ॲपवर फार विसंबू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, आणि आपला डोळा हिरव्याला तिखट, निळ्याला मंद. निळ्या दिव्याखाली ॲप कमी आकडा दाखवतं, मालक दिवा वाढवत नेतो आणि प्रवाळ भाजून निघतं.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. मालवणच्या सहलीत सापडलेला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालू नका. मऊ प्रवाळ घेतानाही विकणाऱ्याकडे पावती आणि कागद मागा. तो चाचरला तर घेऊ नका. दगडी प्रवाळ आपल्या खरेदीतून वगळलं, की जबरदस्त दिव्याची गरजही आपोआप संपते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी धरा. पन्नासेक लिटर पाणी. तिला ३० ते ४० वॉटचा, डिमर (उजेड कमी-जास्त करायची सोय) असलेला रीफ एलईडी पुष्कळ झाला. चाळीस वॉट रोज नऊ तास चालला तर महिन्याला अकरा युनिटच्या आसपास वीज लागते. जुन्या पद्धतीचा १५० वॉटचा मेटल हॅलाइड दिवा कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा: चाळीस युनिट जातील, वर पाणीही तापेल. दिव्यातल्या भिंगाचा कोन रुंद असू द्या. अरुंद भिंगानं एकाच दगडावर झोत पडतो आणि कोपरे अंधारात राहतात.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आणि प्रवाळाला हवं २४ ते २७ अंशांचं पाणी. पाणी बरेच दिवस तापलेलं राहिलं की प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. वर प्रखर दिवा असेल तर हे लवकर होतं. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा छोटा पंखा टाकीच्या वर लावा. आपल्या कोरड्या हवेत तो घरातल्या कूलरसारखं काम करतो आणि दोन-तीन अंश सहज उतरवतो. त्याहून जास्त उतरवायचं तर चिलर (पाणी गार करणारं यंत्र) किंवा खोलीला एसी, आणि दिव्यात वाचवलेले पैसे इथंच कामी येतात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणीच घाला. मीठ मागंच राहिलेलं असतं. बोअरचं जड पाणी तर या टाकीला दाखवूसुद्धा नका. उन्हाळ्यात टायमर संध्याकाळी चार ते रात्री बारा असा लावला, तर दिव्याची ऊब आणि दुपारचा कहर एका वेळी येत नाहीत. प्रवाळाला घड्याळाशी देणंघेणं नाही, वेळ रोज तीच हवी. पश्चिमेच्या खिडकीत टाकी ठेवणाऱ्याला मात्र कुठलाच दिवा वाचवू शकत नाही.

नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण चालवू नका. तीस टक्क्यांवर सुरू करा आणि आठवड्याला पाच-दहा टक्के चढवा. प्रकाश कमी की जास्त, हे ओळखायचं कशावरून? प्रवाळावरून. झोअँथिडचे देठ लांबत वर आले तर प्रकाश कमी पडतोय. मशरूम आक्रसून बसलं, रंग फिका पडला, तर जास्त होतोय. एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर हात लावू नका.

वीज गेली तर दिव्याची काळजी नको. एखादा दिवस अंधारात काढणं प्रवाळाला जड नाही. लाटांचा पंप थांबला की मात्र पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून इन्व्हर्टरची जोडणी आधी पंपाला द्या. आणि जोडणीवरून आठवलं, दिव्याची वायर सॉकेटकडे नेताना सॉकेटच्या खाली एक झोल सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं खारं पाणी तिथूनच खाली टपकेल. दिव्याच्या काचेवर मिठाची पापडी धरते, ती दर आठवड्याला, प्लग काढून, ओल्या फडक्यानं पुसा. नमस्कार.