बावीस वर्षांचा नाईक

पहाटेचे साडेपाच वाजलेत, बेळगावचा कॅम्प, अजून नीट उजाडलेलं पण नाही आणि ही पोरं बघा. कोण येळ्ळूरचं, कोण कडोलीचं, कोण खानापूरकडचं इथं रूम करून राहिलेलं. हाफ पँट, घामानं भिजलेलं बनियन, आणि डोक्यात एकच, सोळाशे मीटरचं टायमिंग कसं खाली आणायचं.

आमच्या भागात मिल्ट्रीत जाणं म्हणजे काय नवल नाही. कुठल्याही गल्लीत विचारा, एक तरी रिटायर सुभेदार असतोयच, आणि तो सकाळी सकाळी कुणाला तरी ओरडत पण असतोय.

जवळच मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे. पलटणीचं ट्रेनिंग १९२२ पासून इथंच, बेळगावात. आजची गोष्ट याच पलटणीतल्या एका पोराची, नाव यशवंत घाडगे. तो बेळगावचा नव्हे हं, कोकणातला, माणगाव तालुक्यातलं पळसगाव, आत्ताचा रायगड जिल्हा म्हणजे तेव्हाचा कुलाबा. त्यावेळी कुलाबा पण मुंबई प्रांतात आणि बेळगाव पण मुंबई प्रांतात, मधे बॉर्डर वगैरे काय भानगड नव्हती, ती आली १९५६ साली, आणि तो विषय इथं काढला तर हा व्हिडिओ आज संपायचा नाही.

जन्म १६ नोव्हेंबर १९२१. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा पोरगा अठराचा पण पुरा नव्हता.

आता डायरेक्ट जाऊया इटलीला. १९४४ चा जून, रोम पडलंय, जर्मन फौज उत्तरेकडं मागं सरकतीय पण सरळ सरळ पळत नाहीय, प्रत्येक टेकडीवर मशीनगन लावून बसायचं, समोरच्याला अडवायचं, त्याची माणसं मारायची, मग मागच्या टेकडीवर जायचं, परत तेच. आणि या टेकड्या एकेक करून घ्यायचं काम ज्यांच्याकडं होतं त्यात ब्रिटिशांच्या फौजेतली आपली दहावी इंडियन डिव्हिजन, आणि त्या डिव्हिजनमधे मराठ्यांची तिसरी बटालियन. रोमच्या मधनं जी टायबर नदी वाहते ना, तिच्याच वरच्या अंगाचं हे खोरं. जुलैचा महिना, म्हणजे इकडं आपल्याकडं चिखलात रोप लावणी चाललेली असणार, आणि ही लावणी करणारी पोरं तिथं परक्या डोंगरावर पोटावर सरकतायत.

१० जुलै १९४४. कंपनीनं एका पक्क्या मोर्चावर, म्हणजे जर्मनांच्या ठाण्यावर, हल्ला केला. घाडगे तेव्हा नाईक होता, दंडावर दोन फिती, हाताखाली एक सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी. पुढं गेले आणि अगदी जवळनं मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधलं प्रत्येक माणूस पडलं, कोण मेलं, कोण जखमी, उभा राहिला फक्त नाईक.

इथं जरा थांबतो. कारण शाळेत आपल्याला हे सगळं एका दमात सांगतात, शूर मराठा, शत्रूवर तुटून पडला, टाळ्या. पण तो क्षण बघा की. मागं वळून बघितलं तर आपली माणसं पडलेली, आपण ज्यांना रोज सकाळी उठवत होतो ती. आता सोबत कुणी येणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, हे सरकारी कागदातच लिहिलंय. आडवा पडून राहिला असता तर कुणी काय म्हणालं नसतं.

तो धावला. पहिला ग्रेनेड टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार. मग टॉमीगननं अजून एकाला मारलं. उरले दोन, आणि मॅगझिन बदलायला टाइम नाही, तेव्हा बंदूक नळीकडनं धरली आणि त्या दोघांना तिनंच ठेचून मारलं. हे वाक्य रेकॉर्डिंगला तीनदा वाचलं मी, तिन्ही वेळा आवाज नीट लागला नाही. ते दोघं पण कुणाची तरी पोरंच की वो.

मोर्चा त्याच्या एकट्याच्या हातात आला आणि जवळच दबून बसलेल्या जर्मन स्नायपरनी त्याला टिपलं. जो मोर्चा घेतला त्यातच गेला. वय बावीस.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मरणोत्तर. इटलीच्या लढाईत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीयांना. महायुद्धात मराठा पलटणीला दोन मिळाले, दुसरा नामदेव जाधवांचा, एप्रिल १९४५, सेनिओ नदीवर. ते जगले, परत आले. घाडगेंना साधी कबर पण नाही, इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर नाव कोरलंय, जिथं ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशांची नावं आहेत. माणगावात तहसील कचेरीसमोर पुतळा आहे. आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं एक सनडायल उभारलं, म्हणजे सावलीवरनं वेळ सांगणारं घड्याळ. इटलीत आपली पन्नास हजारांवर माणसं लढली, ५,७८२ मेली. त्यात ती सेक्शनमधली पोरं पण आली, पण त्यांच्यावर व्हिडिओ कोण करणार, सरकारी कागदात त्यांच्यासाठी अर्धी ओळ आहे, 'सगळे ठार किंवा जखमी', बस.

परत कॅम्पात येऊ. ऊन वर आलंय, पोरं दम खात कट्ट्यावर बसलीत, एकजण स्टॉपवॉच दाखवतोय, पाच सेकंद कमी झाले म्हणून खूश आहे. त्याला विचारलं, किती वय रे तुझं?

"अठरा. चार वर्षं अग्निवीर केलं की बावीसला घरी."