कशेळीच्या सड्यावर

नमस्कार श्रोतेहो. आपल्या कोल्हापुरात चार मित्र जमले आणि समुद्राचं नाव निघालं की गाडी गणपतीपुळ्याला नाहीतर मालवणला वळते. यंदा माघात आम्ही चौघं कशेळीला गेलो. राजापूर तालुक्यातलं, उंच सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर वसलेलं गाव. कड्याखाली थेट समुद्र.

पहाटे निघून कळे, बाजारभोगाव करत अणुस्कुरा घाट उतरलो. राजापूर बंदरातला माल घाटावर यायचा ती ही जुनी वाट. घाट संपला की काळा दगड मागं राहतो. घरं, गडगे, पायऱ्या, सगळं जांभ्याचं.

गावात कनकादित्याचं देऊळ आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं देवीच्या पायांवरून वर चढताना आम्ही लहानपणापासून टाचा उंचावून बघितलेत. इथं खुद्द सूर्यच गाभाऱ्यात. गावकरी सांगतात, प्रभासपाटणहून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथं अडलं, तेव्हा मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली गेली. पुढं कनका नावाच्या भक्तिणीला दृष्टांत झाला आणि देव गावात आला. ती गुहेची जागा म्हणजे देवघळी. वर उभं राहून ऐकावं: लाट घळीत शिरते, क्षणभर गप्प होते, आणि मग पायाखालच्या कातळातून धप्प आवाज येतो.

पण माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही तो सड्यावरचा हत्ती. कातळात कोरलेला, जवळजवळ 18 मीटर लांब. आधी काहीच कळत नाही, नुसत्या रेषा. आमच्यातला एकजण बोटानं हवेत गिरवत कडेकडेनं चालला आणि ओरडला, "अरे, ही सोंड! आणि तू उभा आहेस तो पाय!" मग एकेक उलगडायला लागलं. हत्तीच्या अंगातच मासे, जनावरं, पाखरं कोरलेली. कोकणातल्या कातळशिल्पांची नोंद 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाली, त्यात कशेळी आहे. श्रोतेहो, गेलात तर चपला काढून, रेषा सोडून चाला. फोटो नीट यावा म्हणून खडूनं रेषा भरू नका, हात जोडून सांगतो.

देवळात आणखी एक गोष्ट कळली. 1191 साली शिलाहार राजा दुसरा भोज यानं हे गाव दान दिलं, रोज बारा ब्राह्मणांना जेवण मिळावं म्हणून. तसा ताम्रपटच आहे. आणि हा भोज राज्य करायचा आपल्या पन्हाळ्यावरून!

परतताना कळे मागं पडलं, दिवस कलला होता. डावीकडं पन्हाळा दिसला तशी गाडी बाजूला घेतली. दिवसभर बडबडणारा आमचा मित्र दार उघडून खाली उतरला, गडाकडं बघत म्हणाला, "तो तांब्याचा पत्रा घेऊन माणूस इथनंच निघाला असंल, न्हाई?"