जिराफाचे पाय

[दृश्य : काटोल रोड, गोरेवाड्याचं फाटक, सफारीच्या बसेस, तिकिटाची रांग]

रविवारची सकाळ. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापाशी गाड्या लावायला जागा नाही. २६ जानेवारी २०२१ ला इथली भारतीय सफारी सुरू झाली, आणि तेव्हापासून वाघ, बिबट, अस्वल, हरणं बघायला माणसं बसेस भरभरून येतात. याच प्रकल्पाच्या आराखड्यात आफ्रिकन सफारीही आहे. ती म्हटली की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे उभा राहतो जिराफ. साहजिकच आहे. ज्या गावाच्या आसपास पेंच, उमरेड, ताडोबा आहे, त्या गावाला वाघाचं अप्रूप किती असणार?

पण जिराफ आणणं एक, आणि सांभाळणं दुसरं.

बघणाऱ्यांची नजर मानेवर जाते. रोज सांभाळणारे मात्र आधी खाली बघतात, खुरांकडे. मोठा नर हजार-बाराशे किलोंचा. एवढं ओझं चार खुरांवर, त्यातही पुढच्या दोनांवर जास्त. रानात मैलोनमैल खडकाळ जमिनीवर चालून खुरं आपोआप झिजतात. आवारात चालणं कमी, जमीन मऊ. खुरं वाढतात, पुढची टोकं वर उचलली जातात, भार टाचेकडे सरकतो. मग सांधे धरतात. कधीकधी खुराच्या आतलं हाडही तडकतं. लंगडणारा जिराफ हा प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरचा जुना घोर आहे.

गायीचं खूर वाढलं तर तिला दोर लावून पाडता येतं, कापता येतं. जिराफाचं काय करणार? बेशुद्ध करावं तर एवढ्या उंचीवरून तो पडतो कसा, मान कुठे आपटते, याचाच धोका. त्यात तो रवंथ करणारा. बेशुद्धीत पोटातलं वर आलं आणि श्वासनलिकेत गेलं, की खेळ संपला. मेंदूपर्यंत रक्त चढवायचं म्हणून त्याचा रक्तदाब माणसाच्या जवळपास दुप्पट असतो, आणि भुलीच्या औषधाने नेमकी तीच घडी विस्कटते.

इथे नागपूरची एक गंमत आहे. गोरेवाड्याचं वन्यप्राणी संशोधन व प्रशिक्षण केंद्र, सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र... वाघ-बिबट्याला डार्ट मारून बेशुद्ध करायचं, तपासायचं, उपचार करायचे, यात विदर्भातल्या लोकांचा हात बसलेला आहे. जिराफापुढे हे कसब फारसं कामाचं नाही. तिथे जागेपणीच मनवावं लागतं.

[दृश्य : जिराफाचं खुराचं प्रशिक्षण, संग्रहित चित्रण]

हे बघा. राखणदाराच्या हातात एक काठी, टोकाला चेंडू. जिराफाने त्याला नाक लावलं की शिट्टी वाजते आणि गाजराची चकती मिळते. हे पक्कं झालं की पुढे लाकडाचा ठोकळा येतो. त्यावर पाय ठेवला, गाजर. पाय ठेवून उभा राहिला, गाजर. मग कुणीतरी खाली बसून खुराला नुसता हात लावतं. मग कानस लावतं, एकदाच, हलकेच. आज पाय ठेवला म्हणजे उद्या ठेवेलच असं नाही, आणि मागचा पाय देणं तर त्याच्या अगदी जिवावर येतं. एक लाथ सिंहाला लोळवते, त्यामुळे खाली बसलेला माणूस नेहमी गजांच्या अलीकडेच. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या शायेन माउंटन प्राणिसंग्रहालयाने हे काम फार पुढे नेलं आहे. तिथले जिराफ खुरं कापून घेतात, एक्स-रेसाठी पाय प्लेटवर ठेवतात, जागेपणी.

आता खाणं. जिराफ गवत खाणारा प्राणी नाही, पाला खाणारा आहे. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी हा धडा जिराफ गमावून शिकला. नुसतं वाळलं गवत आणि खुराक दिला की जनावर वरून ठीक दिसतं, आतून चरबी संपत जाते, आणि थंडीच्या एखाद्या रात्री अचानक जातं. गोड फळं दिली तर पोट आंबतं. शिवाय तोंडाला दिवसभर काम नसतं. अमेरिकेतल्या एका पाहणीत जिराफ आणि त्याचा भाऊबंद ओकापी यांच्यातले जवळपास ८० टक्के प्राणी अर्थहीन हालचाली वारंवार करताना आढळले. सगळ्यात जास्त काय, तर गज आणि भिंती चाटत राहणं. जीभ तशी दीड फुटाची, काळसर, काट्यांतून पानं ओढायला घडलेली. ती लोखंडावर फिरत राहते.

याबाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. धुऱ्यावर बाभूळ, नाल्याकाठी बाभूळ. आफ्रिकेत जिराफ जे काटेरी झाड खातो त्याचीच ही सख्खी बहीण. शिवाय वड, पिंपळ, उंबर, बोर. सुबाभळीचा मोह टाळावा. तिच्यात मायमोसिन हे विषारी द्रव्य असतं, आणि जास्त खाल्लं की जनावरांचे केस गळतात हे शेळ्या पाळणाऱ्यांना माहीत आहे. फांद्या उंच टांगायच्या, भोकाच्या पेट्यांत कोंबायच्या, पानागणिक कष्ट पडले पाहिजेत.

"पण नवतपा?" मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांचा हा प्रश्न हमखास येतो. ४५-४७ अंश आपल्यालाच सोसत नाहीत, त्याला कसे सोसतील? सावली आणि पाणी असेल तर बऱ्यापैकी सोसतात. त्याच्या ठिपक्यांखाली रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते. नायजरमध्ये, सहाराच्या कडेला जिराफ राहतातच की. जपायचं ते डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली जातो तेव्हा. रात्री उबदार, बंद, उंच घर लागतं. आणि जपायचं ते पावसाळ्यात. विदर्भाची काळी माती भिजली की माणूस घसरतो. जिराफ घसरला की चारही पाय फाकतात, मांड्यांचे स्नायू फाटतात, आणि तो पुन्हा उठेलच असं नाही. म्हणून वाळू, मुरूम, खाचा पाडलेली फरशी.

एवढा खटाटोप कशासाठी? काही गोष्टी जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून. जिराफ मुका, असं पूर्वी सांगत. बर्लिन, व्हिएन्ना आणि कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयांत संशोधकांनी ९०० हून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण केलं, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं की रात्री जिराफ खोल आवाजात गुणगुणतात. का, ते अजून कुणी सांगू शकलेलं नाही. मला बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयातला प्रयोग जास्त आवडतो. दोन पारदर्शक डब्यांत गाजर आणि झुकिनी या काकडीसारख्या भाजीचे तुकडे मिसळले. गाजर लाडकं, झुकिनी नावडती. कोणत्या डब्यातून संशोधकाच्या बंद मुठीत गाजर येण्याची शक्यता जास्त, हे चार जिराफांनी ओळखलं. नुसती गाजरं मोजून नव्हे, प्रमाण पाहून. २०२३ चं हे काम आहे.

संवर्धनाचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. प्राणिसंग्रहालयातला जिराफ सहसा आफ्रिकेच्या रानात परत जात नाही. १९८५ मध्ये दीड लाखाच्या वर असलेले जिराफ २०१५ पर्यंत लाखाच्या आत आल्याचा अंदाज निघाला, आणि पुढच्याच वर्षी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने त्यांना असुरक्षित ठरवलं. २०२५ मध्ये त्याच संस्थेने जिराफाच्या एक नव्हे, चार प्रजाती मान्य केल्या. दक्षिणेकडचा बरा आहे, उत्तरेकडचा जेमतेम ७ हजार. त्यातला पश्चिम आफ्रिकी जिराफ १९९६ मध्ये ४९ वर आला होता. तो वाचवला नायजर सरकारने आणि त्याच्याबरोबर शेतं वाटून घेणाऱ्या गावांनी. आज ते ६०० च्या वर आहेत.

तेव्हा इथे येणारा जिराफ कोणत्या प्रजातीचा, कुणाचा वंशज, हे कागदावर हवंच. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस हा तरुण, धडधाकट नर मारला, कारण त्याच्या रक्ताचे जिराफ युरोपात आधीच पुरेसे होते. आपल्याकडे हे कुणाला पटणार नाही, पटू नयेही. पण घरातल्या घरात पैदास होत राहण्याचा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे तो अदलाबदलीने सोडवावा लागतो. २०१८ मध्ये म्हैसूरहून एक मादी बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेली, तशी.

[दृश्य : ट्रेलरवरचा उंच पिंजरा, महामार्ग]

नेतात ते पिल्लूच. जन्मतःच सहा फुटांचं असतं, आणि मोठा झालेला जिराफ कुठल्याच पुलाखालून जात नाही. नागपूरपर्यंतचा प्रत्येक पूल, प्रत्येक विजेची तार मोजावी लागेल, आणि शहरात शिरताना पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या स्वागतकमानीसुद्धा. पोचल्यावर काही आठवडे ते विलगीकरणात राहील, लोकांना दिसणार नाही. त्या दिवसांपासून रोजचा ताजा पाला कोण तोडणार, कोण आणणार, पावसाळ्यात कुठून आणणार, हे टेंडरमध्ये पिंजऱ्याच्या आधी लिहिलेलं बरं.