खेळाडू खालावला म्हणजे नेमकं काय खालावलं?

मित्रहो, व्यावसायिक बास्केटबॉल संघात एखाद्याची कामगिरी घसरू लागली की प्रशिक्षकांच्या बैठकीत पहिला शब्द येतो तो 'मेहनत'. तो मेहनत घेत नाही, त्याच्यात ती भूक राहिली नाही. या पातळीपर्यंत पोचलेल्या माणसाबाबत हे निदान बहुतेक वेळा चुकतं, आणि त्यावर दिलेला जादा सराव दुखणं वाढवतो. आज मला सांगायचंय ते इतकंच: काय बिघडलंय हे कळेपर्यंत त्याच्या शॉटला, म्हणजे बास्केटकडे चेंडू मारण्याच्या ढबीला, हात लावू नका.

मुळात घसरण खरी आहे का, हे आधी तपासा. 36 टक्के नेम असलेल्या खेळाडूने तीन गुणांचे, म्हणजे बास्केटपासून दूरच्या कमानीसारख्या रेषेबाहेरून, 50 प्रयत्न केले तर साधारण 18 आत जायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने ते 14 जातील किंवा 22. म्हणजे टक्केवारी 28 दिसेल किंवा 44, आणि दोन्ही वेळा नेम तोच असेल. नियमित बाहेरून खेळणाऱ्याचे 50 प्रयत्न दहाएक सामन्यांत होतात. तेवढ्यावरून लोक कारकिर्दीचा निकाल लावतात, हे मला फार खटकतं.

म्हणून शॉट पडला की नाही यापेक्षा तो कसा मिळाला ते बघा. लागोपाठच्या 100 शॉटचा व्हिडिओ काढा. प्रत्येकापुढे लिहा: बचाव करणारा किती जवळ होता, पास घेऊन थेट मारला की ड्रिबल करून (चेंडू आपटत नेऊन), शॉट क्लॉकच्या, म्हणजे शॉट मारण्यासाठी मिळणाऱ्या, 24 सेकंदांतले किती उरले होते, आणि चुकला तर कुठल्या बाजूला. पूर्वीइतकेच मोकळे शॉट मिळत असतील तर काही करू नका, थांबा. शेवटच्या चार-पाच सेकंदांत घाईने मारलेले शॉट वाढले असतील तर दोष आपल्या आक्रमणाच्या आखणीत आहे. चेंडू त्याच्याकडे उशिरा पोचतोय.

शॉट कुठल्या दिशेला चुकतो ते खूप काही सांगतं. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतोय, आणि तेही चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये जास्त, तर आधी पायांकडे बघा, ते थकलेत. डावी-उजवीकडे जात असेल तर पावलांची ठेवण आणि आधाराचा हात, म्हणजे चेंडू बाजूने नुसता धरणारा दुसरा हात, तपासा. चेंडू सुटताना आधाराच्या हाताचा अंगठा त्याला हलकेच ढकलतो आणि चेंडूला आडवी फिरकी बसते. नेहमीच्या वेगात हे नजरेतून सुटतं. बास्केटच्या मागे कॅमेरा ठेवा, संथ गतीत चेंडूवरच्या काळ्या रेषांकडे बघा. शुद्ध उलटी फिरकी असेल तर रेषा स्थिर पट्ट्यांसारख्या दिसतात. अंगठा लागला असेल तर त्या डगमगतात.

त्यानंतर शरीर. मार्केल फुल्ट्झला 2017मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सर्वांत आधी निवडलं गेलं आणि त्याचा शॉट पाहता पाहता मोडला. दुखणं मनाचं आहे, अशी चर्चा बरेच महिने चालली. डिसेंबर 2018मध्ये निदान झालं ते थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं: मान आणि खांद्याच्या मधल्या जागेत नसा दबल्या जाण्याचा विकार. हे उदाहरण प्रत्येक प्रशिक्षकाच्या ध्यानात राहायला हवं. दर आठवड्याला ठरलेल्या एकाच वेळी खेळाडूची उभी उडी मोजा आणि त्याची तुलना त्याच्याच सरासरीशी करा, दुसऱ्या कुणाशी नाही. दोन्ही घोट्यांची लवचिकता तपासा, गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध दाबून बघायला फिजिओला सांगा, झोपेचे तास विचारा. एनबीएच्या हंगामात 82 सामने असतात आणि प्रवास रात्रीचा. त्यात झोपच आधी जाते.

शरीर ठीक असेल तर प्रश्न भूमिकेचा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त खेळाडू इथेच वाया जातात. अँड्र्यू विगिन्सकडून मिनेसोटाच्या संघात मुख्य स्कोअररची अपेक्षा होती. फेब्रुवारी 2020मध्ये तो गोल्डन स्टेट संघाकडे गेला. तिथे लांबून अचूक मारणाऱ्या स्टीफन करीमुळे बचाव ताणला जायचा, आणि विगिन्सकडे मोकळा शॉट, चेंडूशिवाय धावत बास्केटकडे घुसणं (कट) आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम विंगला, म्हणजे कडेने खेळणाऱ्याला, रोखणं ही कामं आली. 2022मध्ये तो लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीच्या पाचात होता आणि त्याच वर्षी विजेता ठरला. बास्केटजवळ खेळणारा उंच सेंटर ब्रूक लोपेझ, त्याने पहिल्या आठ हंगामांत मिळून तीन गुणांचे फक्त 3 शॉट साधले होते. 2016-17मध्ये एका हंगामात 134. बोरिस डिआवला शार्लटच्या संघाने मार्च 2012मध्ये सोडून दिलं. 2014च्या अंतिम फेरीत तिसऱ्या सामन्यापासून तो सॅन अँटोनियोच्या सुरुवातीच्या पाचात होता, आणि संघ जिंकला.

भूमिका बदलायची म्हणजे कामं कमी करायची. तीनच द्या, कागदावर लिहून. त्यातलं एक बचावाचं असू द्या, कारण शॉट पडत नसतानाही ते चोख करता येतं. शॉटच्या जागा बदला: 40 टक्क्यांनी पडणारा लांबचा दोन गुणांचा शॉट दर प्रयत्नाला 0.8 गुण देतो, 36 टक्क्यांचा तीन गुणांचा 1.08. एनबीएत तीन गुणांची रेषा बास्केटपासून समोरून 7.24 मीटरवर आहे, कॉर्नरमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत, सुमारे 6.70वर. डळमळीत नेमाला आधी कॉर्नर द्या. आणि मिनिटं ठरवून द्या. शॉट चुकला म्हणून बाहेर बोलावायचं नाही. बचावाला परत धावला नाही तर लगेच बोलवायचं. हा नियम त्याला आधी सांगितलेला हवा, नाहीतर तो प्रत्येक चुकीनंतर बेंचकडेच बघत राहतो.

बोलणं एकट्यात, वीस मिनिटांच्या आत, सामन्याच्या दिवशी नाही. आठ क्लिप दाखवा, त्यातल्या पाच चांगल्या. आधी त्याला विचारा, 'इथे तुला काय दिसलं?' बऱ्याचदा उत्तर तोच देतो.

शॉटची ढब बदलायची तर हंगाम संपल्यावर. चालू हंगामात एकच खूण, जसं की 'अंगठा मोकळा'. सरावात एकाच जागेवरून शेकडो शॉट मारायला लावणं दिसायला छान, सामन्यात मात्र निरुपयोगी. जागा बदलत राहा, तो धावत असताना पास द्या, समोरून कुणीतरी धावत येऊ द्या. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, कुणी न अडवणारे शॉट) दोन-दोनच, आणि प्रत्येक जोडीआधी कोर्टची पूर्ण लांबी धावून.

चार आठवड्यांनी पुन्हा 100 शॉट काढा आणि पहिल्या यादीशेजारी ठेवा. तरी फरक नसेल तर तो कुणाबरोबर खेळतोय ते बघा. बाहेरून नेम नसलेले दोघे एकत्र कोर्टवर असले की त्यांचे बचाव करणारे बास्केटखाली येऊन उभे राहतात, आणि आत घुसणाऱ्याची वाट बंद होते. त्यातल्या एकाला वेगळ्या पाचात हलवा, त्याच्या जागी बाहेरून नेम असलेला सेंटर आणा, आणि पुढचे सहा-सात सामने त्या बदलाला द्या.