बाबांचं गृहकर्ज आता कुणाचं?

तेरावा झाला की माणसं बँकेत येतात. कर्जविभागात नोकरीची बरीच वर्षं काढल्यामुळे ते चेहरे मला पाठ झाले होते. सुरुवातीला कोणीच बोलत नाही. मग थोरला मुलगा हळूच विचारतो, "साहेब, बाबांचं कर्ज आता माझ्या नावावर येणार का?"

बहुतेक घरांत याचं चुकीचं उत्तर गृहीत धरलेलं असतं, म्हणून आज तेच आधी सांगतो. माणूस गेला म्हणून कर्ज बुडत नाही. घर तारण होतं, ते तारणच राहतं, आणि वारसांना मिळतं ते बोजासकट मिळतं. पण मुलाने कर्जाच्या कागदांवर सही केलेली नसेल, तर त्याचा पगार किंवा स्वतःच्या कमाईची ठेव बँकेला मागता येत नाही. वडिलांच्या मालमत्तेतलं जेवढं त्याच्या हाती आलं, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. बापाचं ऋण मुलाने फेडावं हा आपल्याकडे नुसता संस्कार नव्हता, जुन्या हिंदू कायद्यात ते बंधन होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जांना ते लागू नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण या भीतीपोटी मुलांनी घाईघाईने सावकाराकडून पैसे उचललेले मी पाहिले आहेत.

सही असेल तर मात्र वेगळं. पत्नी सहकर्जदार असेल, तर पूर्ण कर्जाला ती स्वतः बांधील असते. जामीनदाराचंही तेच, करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच.

आता विम्याकडे वळू. एक बाई सात महिने शिवणकामाच्या पैशांतून नवऱ्याच्या कर्जाचे हप्ते भरत होत्या. एके दिवशी फाईल चाळताना मला मंजुरीपत्राच्या मागे विम्याचा कागद दिसला. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला होता, आणि त्या घरात कोणालाच ते ठाऊक नव्हतं. दावा मंजूर झाला, उरलेलं कर्ज फिटलं. पण ते सात महिने मला अजून टोचतात, कारण हे पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना सांगायला हवं होतं. म्हणून बँकेत गेलात की आधी विचारा: या कर्जाला विमा आहे का? उत्तर लेखी मागा. खातेउताऱ्यात, कर्ज वाटपाच्या तारखेच्या आसपास, विम्याच्या नावाने रक्कम गेली आहे का तेही बघा.

विमा नसेल तर हप्ता थांबू देऊ नका. मृत्यू कळवला की मयताचं खातं गोठतं, आणि त्यातून जाणारा हप्ता भरला जात नाही. दुसऱ्या खात्यातून भरायची सोय त्याच भेटीत करून घ्या. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं (एनपीए) ठरतं. मग बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, थकबाकी भरण्यासाठी 60 दिवसांची नोटीस देऊ शकते, आणि त्यानंतर घराचा ताबा. नोटीस आली तर लेखी हरकत घ्या. बँकेला तिचं उत्तर 15 दिवसांत द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झालीच, तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला 45 दिवस असतात. हप्ता झेपणारच नसेल, तर लिलावाची वाट न बघता बँकेला सांगून घर स्वतः विका. बँकेचं देणं फिटून उरेल ते तुमचं, आणि लिलावापेक्षा भाव सहसा बराच चांगला मिळतो.

जे अजून हप्ते फेडत आहेत त्यांना एक सांगतो. मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घेताना तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. ती रक्कम पत्नी-मुलांसाठी राखून राहते, नवऱ्याला कर्ज दिलेल्यांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. हे पॉलिसी काढतानाच लिहून घ्यावं लागतं.

कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद 30 दिवसांत परत करायचे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. कर्जदार मयत असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे, याची पद्धत बँकेने ठरवून आपल्या संकेतस्थळावर लावायची असते. शाखेत कोणी टोलवाटोलवी केली तर तिची प्रत काढून पुढे ठेवा. कागद हाती आले की सोसायटीच्या दप्तरातला बोजा उतरवा. गावाकडची जागा असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतलं बँकेचं नावही कमी करून घ्या. तलाठ्याकडे त्यासाठी बेबाकीचा, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा दाखला लागतो.