लंडनला मुंबईची चव लावणाऱ्या पंजाबी बहिणी

नमस्कार मंडळी! लंडनमध्ये गल्लोगल्ली जी 'इंडियन' रेस्टॉरंटं दिसतात, त्यातली बरीचशी चालवतात सिल्हेटची, म्हणजे बांगलादेशातली माणसं. तिथला जुना खाक्या ठरलेला. कांद्याची एकच ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात तयार ठेवायची. क्रीम घातलं की कोर्मा, तिखट वाढवलं की मद्रास, आणखी वाढवलं की विंदालू. विंदालू मूळचं गोव्याचं, त्यात व्हिनेगर हवंच. गोव्याचा माणूस म्हणेल, अरे, व्हिनेगर कुठे गेलं?

ही घडी मोडणाऱ्यांत मुंबईच्या दोन बहिणी होत्या, कमेलिया आणि नमिता, आडनाव पंजाबी. एक सांगून ठेवतो, खिशात चार पैसे घेऊन परदेशी उतरलेल्यांची ही गोष्ट नाही. केंब्रिजचं शिक्षण, चांगल्या नोकऱ्या, सगळं होतं. कमेलिया ताज हॉटेल्समध्ये वरच्या पदावर. 1982 साली ताजने लंडनमध्ये 'बॉम्बे ब्रासरी' काढलं ते त्यांच्याच पुढाकाराने. पारशी, गोव्याचे पदार्थ तिथे ऐटीत मेन्यूवर आले.

नमिता बँकिंगमधून आलेल्या. पती रणजित मथरानी यांच्यासोबत त्यांनी 1990 मध्ये चेल्सीत 'चटनी मेरी' सुरू केलं. पुढे रीजंट स्ट्रीटवरचं 1926 सालचं 'वीरास्वामी' हे इंडियन रेस्टॉरंट घेतलं. कमेलियाही नंतर बहिणीच्या या धंद्यात आल्या. भावंडांची भागीदारी म्हटली की घरातलं भांडण गल्ल्यावर यायला वेळ लागत नाही. यांचं जमलं, कारण मला वाटतं दोघी आधी आपापल्या जागी मुरल्या होत्या.

माझं आवडतं प्रकरण 'मसाला झोन'. 2001, लंडनचा सोहो भाग. परवडणाऱ्या दरात थाळी, चाट. आणि भिंतींवर वारली चित्रं! आपल्याकडे डहाणू-तलासरीत कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने काढतात, तीच. छापील वॉलपेपर चिकटवून भागलं असतं. यांनी वारली चित्रकारांनाच लंडनला बोलावून भिंती रंगवून घेतल्या.

2004 मध्ये 'अमाया' आलं. तिथे तर भर ग्रेव्हीवर नाहीच. तंदूर, सिगडी, तवा, आणि आचारी तुमच्या डोळ्यांसमोर भाजतो. दोन वर्षांत मिशेलिन स्टार, म्हणजे मिशेलिन गाइड उत्तम रेस्टॉरंटांना देतं तो मानाचा तारा!

'वीरास्वामी'चं मात्र अवघड झालं. जागा क्राउन इस्टेटची, म्हणजे ब्रिटिश राजघराण्याच्या नावावरच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेची. लीज वाढवून द्यायला त्यांनी नकार दिला, आणि 2025 मध्ये, शंभरीच्या तोंडावर, प्रकरण कोर्टात. तुमच्यापैकी कोणी लंडनकर तिथे जेवलं असेल, तर काय मागवलंत ते खाली लिहा. मला मेन्यूत खरंच रस आहे.